सीक्वेन्शियल सीएनजी किट : लातूरमधील एका वर्कशॉपच्या कामाचे परीक्षण

लातूरच्या औसा रस्त्यावरील एका वर्कशॉपमध्ये मी माझ्या २०१८ सालच्या, १२०० सीसीच्या पेट्रोल गाडीला सीक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू त्या किटवर काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. गॅस किटचा विषय निघाला की ‘कोणत्या कंपनीचे बसवले?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. ‘ट्यूनिंग कोणी आणि कसे केले?’, म्हणजे गॅसचे प्रमाण इंजिनाशी कसे जुळवले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. इंजेक्शनच्या इंजिनात गॅस सुखाने चालणे हे निम्म्याहून अधिक त्या ट्यूनिंगवर अवलंबून असते, आणि नेमकी त्याचीच बाजारात सर्वाधिक हेळसांड होते, अशी माझी खात्री झाली आहे. त्यामुळे येथे किटपेक्षा कामाबद्दल अधिक लिहिले आहे. वर्कशॉपचे आणि किटचे नाव देत नाही, कारण त्यांच्या कामातील उणिवाही पुढे येणार आहेत आणि एका गाडीच्या अनुभवावरून कोणाच्या धंद्याला बाधा यावी असे मला वाटत नाही.

गॅसकडे वळण्यापूर्वी मी इथेनॉलचा विचार गांभीर्याने केला होता, आणि मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने तो करणे स्वाभाविक आहे. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या सगळ्या जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, त्यांतील अनेकांनी इथेनॉलचे प्रकल्प उभारले आहेत, आणि आपल्याच शिवारातील उसाचे इंधन आपल्या गाडीत जावे असे मनापासून वाटते. १५ मार्च २०२४ रोजी ‘इथेनॉल १००’ या इंधनाची विक्री पाच राज्यांतील १८३ पंपांवर सुरू झाली, त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. परंतु ते इंधन फ्लेक्स-फ्यूएल, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ भाग. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल दीडपटीहून अधिक सोडावे लागते. साध्या गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सांगण्यावरून इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ वाढवतो खरा, पण त्या वाढीला साधारण वीस-पंचवीस टक्क्यांची मर्यादा असते. त्यापुढे मिश्रण पातळच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असलेलेच, राहते आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ लांबवणारी एक छोटी डबी जोडली की काम भागते असे सांगणारे विक्रेते भेटतात. परंतु त्या डबीने इंधनपंप, रबरी सील आणि इंजेक्टरची क्षमता बदलत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. घरगुती सिलिंडरमधील एलपीजी गाडीत भरण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो बेकायदा आहेच, शिवाय तो गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास डिकीत आणि जमिनीलगत साचून राहतो. त्याचा विचारसुद्धा कोणी करू नये.

सीएनजीचे तसे नाही. मिथेन हवेपेक्षा हलका आहे, तो पेटण्यासाठी पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त तापमान लागते, आणि सीक्वेन्शियल किटमध्ये त्याचे इंजेक्टर वेगळे, त्यांना गॅस पुरवणारी नळी म्हणजे रेल वेगळी व ईसीयूही वेगळा असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना जे व्हेंच्युरी किट बसत असे, त्यात इंजिनाच्या ओढीने गॅस हवेत मिसळून सगळ्या मॅनिफोल्डभर, म्हणजे इंजिनाला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांभर, पसरायचा. तेच किट पैसे वाचवण्यासाठी एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, गाडीला बसवले की एखादा बॅकफायर (मॅनिफोल्डमध्येच उडालेला भडका) प्लास्टिकचे मॅनिफोल्ड फोडू शकतो. सीक्वेन्शियल किटमध्ये गॅसच्या सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब रेड्युसर जवळजवळ २ बारपर्यंत उतरवतो, कूलंटच्या गरम पाण्यावर तो रेड्युसर गरम राहतो, आणि तेथून गॅस फिल्टरमधून रेलमध्ये येऊन इंजिनाच्या ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्याच नळीत, त्याच्याच वेळेला सोडला जातो. ती वेळ गॅसचा ईसीयू स्वतः ठरवत नाही. गाडीचा मूळ ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरला जो संकेत पाठवतो तो अडवून, त्याला एका गुणकाने गुणून, गॅसचा इंजेक्टर तितका वेळ उघडला जातो. सगळे ट्यूनिंग म्हणजे हा गुणक प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक भाराला बरोबर बसवणे होय.

वर्कशॉपबद्दल माझे मत पहिल्यांदा चांगले झाले ते किट बसवण्याच्या आधीच. गाडी आत घेतल्यावर त्यांनी लगेच स्पॅनर उचलला नाही. आधी ईसीयूतील नोंदी वाचणारा ओबीडी रीडर जोडून गाडी पेट्रोलवर कशी चालते ते पाहिले, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, स्पार्क प्लग काढून दाखवले आणि एअर फिल्टर बदलायला सांगितले. प्लगचे अंतर थोडे कमी केले, कारण गॅसचे मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो आणि अंतर मोठे असेल तर कॉइलवर ताण येतो. जी गाडी पेट्रोलवरच अडखळते ती गॅसवर सुधारत नाही, उलट तिचे दुखणे दुप्पट दिसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझ्याआधी आलेल्या एका गाडीचा ऑक्सिजन सेन्सर मंद झाला होता. तो बदलल्याशिवाय आम्ही किट बसवणार नाही, असे तिच्या मालकाला मी तेथे असतानाच सांगण्यात आले. त्यांना त्या दिवशी एक गिऱ्हाईक गमवावे लागले असते तरी चालले असते, असा तो सूर होता.

बसवण्याच्या कामात सर्वांत जोखमीचा भाग मॅनिफोल्डला छिद्रे पाडण्याचा असतो. गॅसच्या नळ्यांची पितळी नोझले मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांत, पेट्रोलच्या इंजेक्टरच्या शक्य तितक्या जवळ बसवावी लागतात. घाईत काम करणारे लोक मॅनिफोल्ड गाडीवर असतानाच ड्रिल चालवतात आणि त्याचा कीस आत गेला तर व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. येथे मॅनिफोल्ड पूर्ण उतरवले, इंजिनाकडची तोंडे कापडाने बंद केली, टेबलावर ठेवून एकाच कोनात चार छिद्रे पाडली, टॅप फिरवून आटे काढले, आणि आतून हात फिरवून कीस राहिला नाही ना हे पाहिल्यानंतरच नोझले बसवली. रेलपासून नोझलपर्यंतच्या चारही नळ्या त्यांनी एकमेकींशेजारी ठेवून एकाच मापाने कापल्या. नळ्यांची लांबी कमीजास्त झाली तर लांब नळीच्या सिलिंडरला गॅस क्षणभर उशिरा मिळतो आणि आयडलिंगला गाडी थरथरते. मग मालक वर्षभर इंजिनाच्या माउंटिंगला दोष देत राहतो. वायरिंगचे जोड त्यांनी पिळून टेप न लावता सोल्डर केले व वरून श्रिंक स्लीव्ह चढवली. मराठवाड्याच्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात टेपचा चिकटपणा किती दिवस टिकतो हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला या साध्या कष्टाचे मोल कळेल. शेवटी दाब भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून गळती तपासली.

त्यानंतरचा भाग ट्यूनिंगचा, आणि तो मी मुद्दाम सविस्तर सांगतो. बहुतेक ठिकाणी किट बसवले की गाडी जागेवर उभी असताना लॅपटॉपवर ‘ऑटो कॅलिब्रेशन’चे बटण दाबतात, दोन-चार मिनिटे आयडलिंग होऊ देतात आणि चावी मालकाच्या हातात ठेवतात. त्या बटणाने फक्त आयडलिंगपुरता पाया बसतो. रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमला, चढावर, एसी चालू असताना गुणक काय असावा हे उभ्या गाडीला माहीत असण्याचे कारणच नाही. येथे ट्यूनिंग करणारा तरुण लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला आणि आम्ही औशाच्या दिशेने निघालो. आधी पेट्रोलवर चालवले. स्थिर वेग, मग हलका पाय, मग दाबलेला पाय, अशा वेगवेगळ्या भारांवर इंजेक्शनचा वेळ आणि मॅनिफोल्डचा दाब यांचे ठिपके पडद्यावर साठत गेले. नंतर तोच रस्ता, तेच गिअर, तेच वेग गॅसवर. दुसऱ्या रंगाचे ठिपके पहिल्या ठिपक्यांवर बसेपर्यंत तो एकेक गुणक वरखाली करीत राहिला. मधल्या पट्ट्यात ठिपके लवकर जुळले. कमी भाराच्या कोपऱ्यात, म्हणजे पाय काढून गाडी वाहत असताना, बराच वेळ गेला. त्याने मला दोनदा गाडी वळवून परत त्याच उतारावर न्यायला लावली.

यातच एक गोष्ट अशी कळली की जी मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचली नव्हती. आपल्या पंपांवर आता जे पेट्रोल मिळते त्यात २० टक्के इथेनॉल असते. देशात सरासरी १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले, ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि पुढे ते सर्वत्र पोहोचले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जेमतेम दोनतृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीला ई-२० वर अ‍ॅव्हरेजमध्ये सहा ते सात टक्के घट सोसावी लागते. माझ्यासारख्या बीएस-४ प्रदूषण-मानकाच्या गाडीचा ईसीयू हे मिश्रण पातळ झालेले ओळखतो आणि इंजेक्शनचा वेळ कायमस्वरूपी थोडा वाढवून ठेवतो. यालाच लाँग टर्म फ्यूएल ट्रिम म्हणतात. माझ्या गाडीत ते अधिक सहा टक्क्यांच्या आसपास दिसत होते. आता गॅसचा गुणक लागतो तो या वाढवलेल्या वेळेलाच. गॅसवर असताना ट्रिम शून्य दिसावे म्हणून एखाद्याने गुणक फिरवला, तर गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होताना अधिक सहाकडे जाते, गॅसवर गेल्यावर परत शून्याकडे येते, आणि दर वेळी तो बदल शिकेपर्यंत काही किलोमीटर मिश्रण चुकीचे राहते. मी विचारले तेव्हा तो तरुण म्हणाला, ‘‘सर, इथं शून्य आणायचं नाही. पेट्रोलवर जेवढं आहे, तेवढंच गॅसवर दिसलं पाहिजे. गाडीला कळायलाच नको की इंधन बदललं.’’

मला हे वाक्य त्या साऱ्या कामाचे मर्म वाटते. इंजेक्शनचे इंजिन दर क्षणी स्वतःला तपासत असते. त्याला बाहेरून काही शिकवायचे नसते, फक्त त्याची फसवणूक होऊ द्यायची नसते. मिथेनला वजनाने सुमारे १७.२ भाग हवा लागते, त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते, आणि तरीही ऑक्सिजन सेन्सरला दोन्ही इंधनांचे जळणे सारखेच ‘पूर्ण’ दिसले पाहिजे. ज्या गाड्यांना गॅस बसवल्यावर काही महिन्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप मरतो, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, त्यांच्या दुखण्यातील मोठा भाग किटच्या नव्हे तर अर्धवट ट्यूनिंगच्या माथी मारायला हवा, असे माझे ठाम मत आहे. लोवाटो, लँडी रेन्झो, बीआरसी, टोमासेटो ही इटालियन नावे आपल्या बाजारात वर्षानुवर्षे आहेत आणि त्यांच्या नावाने चांगले-वाईट दोन्ही किस्से ऐकू येतात, याचेही उत्तर येथेच आहे.

खर्चाचे सांगायचे तर ६० लिटर जलक्षमतेच्या पोलादी सिलिंडरसह, बसवणावळ धरून, साठ हजारांच्या आत काम झाले. पेट्रोलवर ही गाडी लिटरला सोळा किलोमीटर देत असे. गॅसवर महामार्गावर किलोला तेवीस-चोवीस देते, गावात वीसच्या खाली जाते. आमच्याकडे पेट्रोल शंभरीच्या वर आणि सीएनजी नव्वदीच्या आसपास असताना किलोमीटरमागे अडीच रुपयांहून थोडी अधिक बचत होते. म्हणजे साधारण बावीस-तेवीस हजार किलोमीटर चालल्यावर किटचे पैसे वसूल होतात; ज्यांचे वर्षाचे चालणे पाच-सहा हजारांच्या पुढे जात नाही त्यांनी या खर्चात पडू नये. ताकद कमी होते, आणि ती होणारच, कारण गॅस स्वतः जागा व्यापतो आणि तितकी हवा इंजिनात कमी जाते. सपाटीला फरक जाणवत नाही. बीडहून परतताना मांजरसुंब्याचा घाट चढताना मात्र, जेथे पेट्रोलवर चौथा गिअर पुरत असे तेथे तिसरा टाकावा लागतो, आणि चार माणसे व सामान असेल तर एसी बंद करावासा वाटतो. ठिणगी थोडी लवकर पाडणारा टायमिंग अ‍ॅडव्हान्सर बसवून यात थोडी सुधारणा होते असे वर्कशॉपने सुचवले होते. तो खर्च मी केलेला नाही.

आता उणिवा. पहिली उणीव हिवाळ्यात कळली. गॅसवर जाण्यासाठी रेड्युसरचे तापमान किती असावे हे त्यांनी ३० अंशांवर ठेवले होते. डिसेंबरच्या सकाळी, गाडी घरापासून निघून मुख्य रस्त्याला लागते न लागते तोच ती गॅसवर जाई आणि एक झटका बसे. गार रेड्युसरमधून आलेला गॅस दाट असतो, त्यामुळे मिश्रण क्षणभर जास्त गडद होते, म्हणजे त्यात गॅस जास्त होतो. ही मर्यादा ४५ अंशांवर नेल्यावर झटका थांबला. हे काम त्यांनी विनामूल्य केले, परंतु ऋतू बदलला की गाडी दाखवायला आणा, एवढे आधीच सांगितले असते तर महिनाभराचा त्रास वाचला असता. दुसरी उणीव कागदपत्रांची. किट बसवणे म्हणजे गाडीत कायदेशीर बदल करणे; किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता त्या गटातील इंजिनासाठी आणि त्या तारखेला लागू असली पाहिजे, सिलिंडरला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता पाहिजे, आणि आरटीओकडून आरसी बुकावर पेट्रोल-सीएनजी अशी नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे योग्य नाही. वर्कशॉपने हे काम आपल्या ओळखीच्या एजंटकडे सोपवले आणि एजंटने ते रेंगाळत ठेवले. सिलिंडरचे प्रमाणपत्र त्याने अर्जाला जोडलेच नव्हते, हे मी स्वतः चौकशी केल्यावर उघड झाले. पैसे पूर्ण घेतले होते, फोनवर उत्तर मात्र ‘उद्या होईल’ हेच. जे वर्कशॉप चार नळ्या एका मापाने कापते, त्याने कागदांच्या बाबतीत इतके बेफिकीर राहावे याचे मला वाईट वाटले. नोंद होईपर्यंत मी गाडी पेट्रोलवरच चालवली, आणि नोंद झाल्यावर विमा कंपनीला कळवून पॉलिसीतही किट लिहून घेतले. ते केले नाही तर अपघाताच्या वेळी दावा अडकतो.

डिकीचे काय होते हे सर्वांनाच माहीत आहे. सिलिंडरने ती जवळजवळ भरून जाते, स्टेपनी काढताना हात खरचटतात, आणि मागच्या बाजूला वाढलेल्या वजनामुळे गावोगावच्या बेहिशेबी गतिरोधकांवर गाडीचे पोट घासू लागते. मागचे स्प्रिंग बदलून घेण्याची सूचना त्यांनी केली होती, ती पाळल्यावर त्रास कमी झाला.

पंपांच्या बाबतीत मराठवाडा पुणे-मुंबईसारखा नाही. लातूरहून अंबाजोगाई, केज, बीड करीत छत्रपती संभाजीनगरला जायचे तर अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि भरलेल्या सिलिंडरवर गाडी दोनशेच्या आतच थांबते. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये पूर्ण दाबाला दहा किलोच्या जवळपास गॅस मावतो असे सांगतात. प्रत्यक्षात माझ्या गाडीत आठ किलोच्या पुढे काटा फारसा गेलेला नाही. ज्या पंपाला पाइपलाइन नाही तेथे ट्रकवरच्या सिलिंडरांतून गॅस येतो, आणि त्या सिलिंडरांतील दाब उतरत गेला की रांगेत शेवटी उभ्या असलेल्यांना अर्धवट भरणा मिळतो. उन्हाळ्यात गॅस गरम असतो, त्यामुळे काटा २०० दाखवत असला तरी वजनाने तो कमीच भरलेला असतो. म्हणून मे महिन्यात मी पहाटे भरतो, आणि ट्रक नुकताच आलेला पाहिला तर टाकी पाऊण असली तरी भरून घेतो. लांबच्या प्रवासात अर्धे अंतर पेट्रोलवर काढायची तयारी ठेवूनच निघावे लागते. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून) आणि शेणापासून तयार होणारा शुद्ध केलेला बायोगॅस, म्हणजे सीबीजी, याच किटमध्ये काहीही बदल न करता चालतो, कारण तोही शेवटी मिथेनच आहे. केंद्र सरकारची त्यासंबंधीची ‘सतत’ योजना २०१८ पासून आहे. आपल्या भागातल्या कारखान्यांनी इथेनॉलइतकेच लक्ष याकडे दिले, तर पंपांवरची ओढाताण कमी व्हायला आणि शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळायला मोठी मदत होईल, असे मला मनापासून वाटते.

देखभालीच्या सूचना वर्कशॉपने तोंडी दिल्या, लेखी दिल्या असत्या तर बरे झाले असते. गॅसचा फिल्टर ठरावीक अंतराने बदलावा लागतो. मिथेन कोरडा असतो; पेट्रोलच्या थेंबांचे बाष्प होताना व्हॉल्व्हला जो गारवा मिळतो तो त्यात मिळत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह सीट झिजू लागतात आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचे अंतर कमी होत जाते. कारखान्यातून सीएनजी घेऊन निघालेल्या गाड्यांना म्हणूनच कठीण धातूच्या सीट दिलेल्या असतात. आपल्या गाडीचे टॅपेट तपासून घेणे, आणि भरधाव वेगात तासन्‌तास गॅसवर न चालवणे, हाच यावरचा व्यवहार्य उपाय आहे. पेट्रोलची टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तरच गार राहतो. त्याचबरोबर तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडूनही राहू देऊ नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, पावसाळ्यात तो धोका वाढतो, आणि जुन्या पेट्रोलवर सकाळी इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. मी आठवड्यातून एकदा मुद्दाम पेट्रोलवर फेरी मारतो, त्यामुळे पेट्रोलचे इंजेक्टरही चिकटत नाहीत. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. तिची तारीख प्लेटवर कोरलेली असते आणि ती उलटून गेली तर पंपावर गॅस नाकारला जातो, ते योग्यच आहे.

माझ्या भाच्याने माझी गाडी पाहून आपली टर्बो, डायरेक्ट इंजेक्शनची गाडी त्याच वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा त्यांनी काम घेतले नाही. त्या इंजिनात पेट्रोलचा इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात असतो आणि त्यातून वाहणारे पेट्रोलच त्याचे टोक गार ठेवते. गॅसवर असताना तो बंद राहिला तर टोकावर काजळी भाजून निघते. अशा इंजिनांसाठी गॅसबरोबर थोडे पेट्रोल सोडत राहणारी किटे असतात, पण ती आमच्याकडे नाहीत आणि त्यांचे ट्यूनिंग आम्ही केलेले नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. बाजारात ‘बसते हो सगळ्यांना’ म्हणणारे दुकान शोधायला त्याला फार हिंडावे लागले नसते.

माझ्या गाडीच्या ट्यूनिंगची फाइल मी मागितल्यावर त्यांनी पेनड्राइव्हवर दिली. गाडी उद्या नांदेडला किंवा संभाजीनगरला दुसऱ्या मेकॅनिककडे न्यावी लागली तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. किट बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने ही फाइल, रस्त्यावर घेतलेल्या ट्रिमच्या आकड्यांसह, पैसे चुकते करण्यापूर्वी मागून घ्यावी. आणि ट्यूनिंगसाठी शेजारी बसून रस्त्यावर यायला जे तयार नसतील त्यांच्याकडे गाडी देऊ नये.